जपानी फळाचा तुरटपणा नेमका कसा जातो, आणि ते मार्गशीर्षापर्यंत टिकवायचे कसे?

तापीकाठची (भुसावळ) — प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझा भाचा कुलूजवळ नोकरीला असतो. दिवाळीच्या सुट्टीत येताना त्याने तिकडच्या बागेतली फळांची एक पेटी आणली. तिकडे त्या फळाला ‘जापानी फल’ म्हणतात. दिल्लीकडे कोणी ‘अमरफल’ म्हणते, तर कोणी ‘रामफल’. आपल्याकडचे, सीताफळाच्या जातकुळीतले रामफळ ते हे नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या आळीत दोन दिवस त्याच नावावरून गोंधळ चालला होता. रंग पिकल्या टोमॅटोसारखा, साल गुळगुळीत, आणि देठाशी चार पाकळ्यांची हिरवट तपकिरी टोपी घट्ट बसलेली, असे हे फळ आहे.

पेटीत दोन घाटांची फळे होती. काही चपटी, तर काही खाली निमुळती होत गेलेली, भरताच्या लहान वांग्यासारखी. चपटे फळ कडक असतानाच सफरचंदासारखे कापून खाल्ले आणि ते चांगले गोड निघाले. त्याच भरवशावर निमुळते फळ कापले, तर पहिल्याच घासाला जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली. दात, हिरड्या, गालांची आतली बाजू, सगळीकडे जणू पिठाचा थर बसला, आणि पाणी पिऊन, गूळ खाऊनही तो अर्धा तास उतरला नाही.

मग आपल्याकडे केळी घरात पिकवतात त्या रीतीने मी सहा निमुळती फळे केळ्यांच्या फणीसोबत गोणपाटात गुंडाळून ठेवली. चपट्यांपैकी आठ फळे खराब होऊ नयेत म्हणून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, सफरचंदांच्या शेजारी ठेवली. गोणपाटातली फळे चौथ्या दिवशी इतकी मऊ झाली की उचलताना बोटे आत गेली, पण चव मधासारखी होती आणि तुरटपणाचा मागमूस नव्हता. फ्रिजमधली फळे नऊ दिवसांनी बाहेर काढली तेव्हा दिसायला अगदी जशीच्या तशी होती. दोन दिवसांनी कापली, तर आतला गर काचेसारखा पारदर्शक, तपकिरी झाक असलेला, थंड झालेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखा थलथलीत निघाला आणि चव अगदी पाणचट लागली. ज्यांची काळजी घेतली ती वाया गेली आणि गोणपाटात टाकून दिलेली गोड झाली, याची संगती मला लागत नाही.

आणखी एक कोडे असे की एका फळात बियांभोवतीचा गर तपकिरी होता आणि तेवढाच भाग गोड होता. उरलेला फिकट भाग तुरट होता. तो तपकिरी भाग सडका समजून टाकायचा होता काय?

माझ्याकडे आता चौदा चपटी आणि वीसेक निमुळती फळे कडक स्थितीत शिल्लक आहेत. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या पूजेला पाच फळांमध्ये एक हे ठेवावे, अशी सासूबाईंची इच्छा आहे. पहिला गुरुवार यायला अजून अडीच आठवडे आहेत. तोवर ही फळे टिकतील काय, आणि निमुळत्या फळांचा तुरटपणा ती न लिबलिबता घालवता येतो काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वखारवाला (फैजपूर)

ताई, माझे केळी पिकवण्याचे काम आहे. पूर्वी आमची साधी वखार होती, आता रायपनिंग चेंबर आहेत. केळीचा अनुभव या फळाला कुठे लागू पडतो आणि कुठे फसवतो, एवढेच मी सांगू शकतो, पण तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग त्यातच आहे असे मला वाटते.

कच्च्या केळ्याच्या गरात २० ते २५ टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो आणि केळे पिकले की त्यातला एक-दोन टक्केच उरतो, बाकी सगळ्याची साखर होते. म्हणून आमच्या धंद्यात पिकवणे म्हणजे गोडी तयार करणे. घड उतरवताना केळ्यात गोडी नसतेच. ती चेंबरमध्ये १६ ते १८ अंश तापमान, ९० ते ९५ टक्के आर्द्रता आणि दहा लाख भागांत १०० भाग इथिलीन (फळ पिकवणारा वायू) एवढ्या मोजमापाने आम्ही घडवून आणतो. जपानी फळात असा स्टार्चचा साठा शिल्लक ठेवलेला नसतो. रंग पुरता भरल्यावर ते झाडावरून उतरवले की साखर जवळजवळ सगळी आत भरलेली असते. म्हणजे ज्या फळाने तुमची जीभ टाळूला चिकटवली त्यात, आणि चार दिवसांनी जे मधासारखे लागले त्यात, साखरेचा फरक फारसा नव्हता. तुरटपणाचा पडदा बाजूला झाला आणि आधीपासून असलेली गोडी जिभेला कळली.

हे मला नुकसान सोसून समजले. काही वर्षांपूर्वी एका फळव्यापाऱ्याने या निमुळत्या जातीचे चार क्रेट माझ्याकडे दिले आणि केळीबरोबरच गॅस लावा म्हणून सांगितले. मीही तापमान केळीचे, गॅस केळीचा, दिवसही केळीचे धरले. तिसऱ्या दिवशी दार उघडले, तर खालच्या क्रेटमधून नारिंगी रस फरशीवर आला होता. फळ चवीला उत्तम होते, पण चार फळे धड उचलता येत नव्हती, मग ती बाजारात न्यायची कशी? केळ्याला जाड साल असते, आत गर मऊ झाला तरी साल त्याला सांभाळते. या फळाची साल कागदासारखी पातळ, आणि आतला गर मऊ झाला की पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी त्याची गत होते. त्यातून मी एवढे शिकलो की हे फळ स्वतः इथिलीन फार थोडे तयार करते, पण बाहेरून मिळालेल्या अगदी थोड्या इथिलीनलाही ते फार लवकर बळी पडते. तुमच्या गोणपाटात फणीने तेच केले. फ्रिजमध्ये सफरचंदांची संगतही त्याला मानवली नसणार, कारण सफरचंदही इथिलीन भरपूर सोडते.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. लवकर पिकावे म्हणून कोणी कार्बाइडची पुडी सुचवली तर ती घरात येऊ देऊ नका. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे त्यावर बंदी आहे, आणि त्या पुडीत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. केळ्यांची फणी शेजारी ठेवली की जे काम होते त्यासाठी विष कशाला हवे?

फ्रिजमध्ये गर काचेसारखा का झाला, याचे उत्तर मात्र मला नीट देता येणार नाही. केळे १३ अंशांच्या खाली गेले की काळे पडते, हे आम्हाला पाठ आहे, पण या फळाचे गणित निराळे दिसते. त्यावर कोणी अभ्यासकाने लिहावे.

फळतंत्र (धुळे)

वखारवाले दादांनी मुद्द्याला अचूक हात घातला आहे. फळांचे काढणीपश्चात तंत्रज्ञान हा माझ्या शिक्षणाचा विषय आहे आणि काही हंगाम मी हिमाचलात फळांच्या प्रतवारीच्या कामावर होतो, म्हणून पुढचा धागा मी धरतो. उत्तर थोडे लांबेल, पण या फळात दोन निरनिराळ्या घटना एकाच वेळी घडतात आणि आपण त्यांना ‘पिकणे’ हे एकच नाव देतो, त्यामुळे सगळा घोळ होतो.

पहिली घटना म्हणजे तुरटपणा जाणे. गरामध्ये काही मोठ्या पेशी अशा असतात की त्यांत टॅनिन, म्हणजे तुरट चवीचे द्रव्य, साठवलेले असते. ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असेल, तर दाताखाली पेशी फुटताच ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि ताईंनी लिहिलेला पिठाचा थर जाणवतो. फळ मऊ होत जाते तसे हेच टॅनिन एकमेकांत आणि पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिनसारख्या द्रव्यांत अडकून न विरघळणारे होते. ते फळातून निघून जात नाही, जागच्या जागी बांधले जाते, आणि बांधलेले टॅनिन जिभेला कळत नाही. दुसरी घटना म्हणजे गर मऊ पडणे. ती पेशींच्या भिंती सैल झाल्याने घडते आणि तिला इथिलीन चालना देते. फळ आपल्या चालीने पिकू दिले तर दोन्ही गोष्टी मागेपुढे पण बरोबरच होतात, म्हणून मऊ झाल्याशिवाय गोड होत नाही असा आपला समज होतो. प्रत्यक्षात त्या एकमेकींपासून सोडवता येतात.

ताईंची चपटी फळे बहुधा ‘फुयू’ जातीची असावीत. या जातीत टॅनिनच्या पेशींची वाढ फळ लहान असतानाच थांबते, आणि फळ झाडावर कडक असतानाच तुरटपणा गेलेला असतो. निमुळती फळे ‘हाचिया’ या जातीसारखी दिसतात. ती पूर्ण मऊ होईपर्यंत तुरट राहतात. तिसरा प्रकार असा आहे की त्यात परागीकरण होऊन बिया धरल्या तर बियांभोवतीचा गर तपकिरी आणि गोड होतो, बिया कमी असतील तर उरलेला भाग फिकट आणि तुरट राहतो. वाढत्या बियांमधून अल्कोहोल आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड हे पदार्थ भोवतालच्या गरात उतरतात आणि तिथले टॅनिन बांधून टाकतात, म्हणून हे घडते. ‘ह्याकुमे’ ही अशी एक जात आहे. तेव्हा तो तपकिरी भाग सडलेला नव्हता, त्या फळाचा सर्वांत गोड भाग तोच होता. पेटीत अशा जातीचे एखादे फळ मिसळले गेले असणार.

त्या अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्येच ताईंच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आहे. फळाला प्राणवायू मिळेनासा झाला की त्याचा श्वास कोंडतो आणि कोंडलेल्या श्वासात ते स्वतःच अल्कोहोल व अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करू लागते. त्या अ‍ॅसिटाल्डिहाइडमुळे टॅनिन बांधले जाते, पण पेशींच्या भिंती शाबूत राहतात. जपानमध्ये पूर्वी साके या मद्याच्या रिकाम्या पिंपांत ही फळे भरून ठेवत, ती याच कारणाने गोड होत. आज स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया भागात आणि इस्राएलमध्ये हेच काम बंद खोल्यांत होते. सुमारे २० अंश तापमानाला सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड भरून फळे साधारण एक दिवस ठेवतात आणि ती कडक असतानाच गोड होऊन बाहेर पडतात. इस्राएलचे ‘शेरॉन’ नावाने विकले जाणारे फळ म्हणजे ‘ट्रायम्फ’ जातीचे असेच गोड केलेले फळ आहे. वखारवाले दादांना यात एक गंमत वाटेल. केळीच्या चेंबरमध्ये साचलेला कार्बन डायऑक्साइड पिकण्यात अडथळा आणतो, म्हणून आपण ठरावीक वेळाने दार उघडून तो बाहेर काढतो. इथे मात्र तोच वायू औषध ठरतो. फक्त, असा प्रयोग आपल्या चेंबरमध्ये कोणी करू नये, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. एवढ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पाऊल ठेवलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो.

आता फ्रिजबद्दल. या फळाला थंडीची बाधा होते आणि ती विचित्र पद्धतीने होते. केळ्याच्या बाबतीत जितकी थंडी जास्त तितके नुकसान जास्त, हा नियम सरळ आहे. फुयूला सर्वांत वाईट तापमान शून्याचे नसून साधारण ५ ते १५ अंशांमधले असते, आणि त्यातही ५ ते ७ अंशांच्या आसपास नुकसान ठळक होते. घरच्या फ्रिजचा मधला कप्पा नेमका याच पट्ट्यात येतो. गर काचेसारखा आणि थलथलीत होणे, तपकिरी पडणे, ही त्याचीच लक्षणे आहेत. फ्रिजमध्ये असेपर्यंत ती फारशी दिसत नाहीत. फळ बाहेरच्या उबेत आले की एक-दोन दिवसांत उमटतात, आणि शेजारी इथिलीन असेल तर अधिक जोराने. ताईंच्या आठही फळांवर हे दोन्ही आघात झाले. याउलट शून्य अंशाच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत आणि इथिलीनपासून दूर ठेवले तर फुयू तीन महिन्यांपर्यंत टिकते. उणे २ अंशांच्या सुमारास मात्र फळ गोठू लागते, म्हणजे हाताशी जागा फार थोडी आहे.

आणखी एका गोष्टीकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते, ती म्हणजे देठाची टोपी. या फळाच्या सालीला हवा आत-बाहेर जाण्याजोगी छिद्रे जवळपास नसतात, त्यामुळे श्वासोच्छ्वास मुख्यतः टोपीच्या बाजूने चालतो आणि पाणीही तिथूनच उडते. तोडलेल्या फळाची टोपी कोरडी पडू लागली की इथिलीन आधी त्या टोपीतच तयार होते, तिथून ते गरात पोहोचते आणि मग गर स्वतः इथिलीन तयार करू लागतो. मऊ पडण्याची सुरुवात अनेकदा अशी टोपीच्या तहानेतून होते. बारीक भोकांच्या प्लास्टिक पिशवीत ठेवलेले फळ उघड्यावरच्या फळापेक्षा जास्त दिवस कडक राहते, त्याचे कारण हेच आहे. जपानमधल्या घरांत टोपीवर ओला कागद ठेवून, टोपी खाली करून फळ पिशवीत ठेवण्याची पद्धत आहे, ती मला फार समंजस वाटते.

तेव्हा ताई, फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या लगत खालचा जो चिलर ट्रे असतो तिथे एक साधे थर्मामीटर ठेवून तापमान पाहा. ते शून्य ते दोन अंशांत राहत असेल तर चौदाही चपटी फळे, आणि निमुळत्यांपैकी जितकी मावतील तितकी, टोपीला ओला कागद लावून भोकांच्या पिशवीत तिथे ठेवा. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो तिथून हलवा. तिथे जागा नसेल तर मधल्या कप्प्यापेक्षा घरातली उत्तरेकडची गार खोली बरी; तिथे फळ लवकर मऊ होईल, पण त्याची खीर होणार नाही. निमुळती फळे लागतील तशी चार-चार बाहेर काढून गोड करावीत. ती कडक राखून गोड करायची असतील, तर मद्याचा शिडकावा करून हवाबंद पिशवीत ठेवणे हा घरगुती उपाय आहे, पण पूजेच्या फळाला तो चालणार नाही हे मी समजू शकतो. त्याऐवजी कोमट पाण्याचा जुना जपानी उपाय आहे: ४० अंशांच्या पाण्यात फळे बुडवून बारा ते चोवीस तास तेवढेच तापमान राखायचे. पाण्याखाली फळाचा श्वास कोंडतो आणि उबेने ती क्रिया वेगाने होते. पाणी त्याहून फार गरम झाले तर हे काम करणारी विकरेच (एन्झाइम) निकामी होतात, आणि थंड राहिले तर फळ नुसते भिजते. असे फळ नंतर फार दिवस ठेवू नये.

सातपुड्याच्या पायथ्याशी (चोपडा)

ही चर्चा वाचताना मला आमच्या रानातली टेंभुर्णी सारखी आठवत राहिली. जिच्या पानांच्या विड्या वळतात तीच ही टेंभुर्णी, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती आणि हे जपानी फळ एकाच प्रजातीतल्या, म्हणजे ‘डायोस्पायरॉस’ या गटातल्या चुलत बहिणी आहेत. लाकूडकामातले काळेशार आबनूसही याच घराण्यातले.

चैत्र-वैशाखात पानतोडीच्या दिवसांत आम्ही मुले रानात जात असू. लिंबाएवढे पिवळे फळ, त्याला कडक ठिसूळ कवच, आणि टोपी अगदी ताईंनी वर्णन केली आहे तशी. कच्चे खाल्ले की तोंडाची तीच गत होत असे. माझी आजी अर्धकच्ची टेंबरं ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवायची आणि आठवडाभर कोणाला हात लावू द्यायची नाही. वर ठेवलेल्यांपेक्षा कणगीच्या पोटातली लवकर गोड होतात, असे ती म्हणायची. दाण्यांच्या आत ऊब राहते आणि फळाने सोडलेला वायू तिथेच कोंडून राहतो, हे फळतंत्र यांचे उत्तर वाचताना आज माझ्या ध्यानात आले.

ताईंना माझी एक सूचना आहे. फळ दाबून बघायचे असेल तर पोटावर दाबू नये, टोपीच्या कडेला अंगठा हलकेच टेकवावा. आमच्या टेंबरांत तरी मऊपणा आधी तिथे जाणवत असे, आणि पोटावर दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी डाग धरत असे.

सुगरण (जळगाव)

माझा अनुभव स्वयंपाकघरातला आहे, पण तो लिहिलाच पाहिजे, कारण माझा एक किलो माल त्यात गेला. मागच्या हिवाळ्यात जळगावच्या बाजारात ही निमुळती फळे मिळाली. ती पूर्ण मऊ होऊ दिली, चाखून पाहिली, तुरटपणा अजिबात नव्हता. मग तुपावर गर परतून, साखर घालून आंब्याच्या वड्यांसारख्या वड्या कराव्यात म्हणून कढईत घातला. दहा-बारा मिनिटे आटवल्यावर चमच्याच्या टोकाने चाखला, तर तोंड आवळले गेले. आधी मला वाटले की एखादे कच्चे फळ चुकून आत गेले असावे, पण प्रत्येक फळ मी स्वतः चाखून घेतले होते. गोड झालेले फळ पुन्हा तुरट होऊ शकते काय?

फळतंत्र (धुळे)

सुगरणताई, होऊ शकते, आणि तुमच्या कढईत तेच झाले. वर मी लिहिले होते की टॅनिन निघून जात नाही, बांधले जाते. त्यातला काही भाग नुसता सैल बांधलेला असतो, आणि गर तापवला की ती पकड सुटून टॅनिन पुन्हा विरघळते. या फळाचा रस किंवा जॅम करणाऱ्यांना ही अडचण नेहमी भेडसावते, कार्बन डायऑक्साइडने गोड केलेल्या फळातही भेडसावते. म्हणून तुरट जातीचा गर चुलीवर चढवू नये. बासुंदी किंवा श्रीखंड तयार करून पूर्ण गार झाल्यावर त्यात गर मिसळावा. अगदी मऊ झालेली फळे अख्खीच डीप फ्रीजमध्ये गोठवून, अर्धवट वितळल्यावर चमच्याने खाल्ली तर कुल्फीसारखी लागतात. गोठण्याने पेशी फुटतात आणि उरलासुरला तुरटपणाही बहुतांशी जातो.

मोठ्या प्रमाणावर साठवायची असतील तर वाळवणे हा मार्ग उष्णतेशिवायचा आहे. कडक तुरट फळ सोलून, देठाला दोरा बांधून वाऱ्यात टांगतात. आठवडाभरात बाहेर पातळ पापुद्रा धरतो, त्याच्या आत प्राणवायू पोहोचत नाही आणि वर सांगितलेलीच क्रिया सुरू होते. मग रोज हलक्या हाताने चेपत राहिले की महिना-सव्वा महिन्यात खारकेसारखे मऊ फळ तयार होते. वर पांढरी भुकटी येते ती बुरशी नव्हे, आतून वर आलेली साखर असते. खरी बुरशी केसाळ दिसते आणि तिला कुबट वास येतो. कुरडया-पापडांची सवय असलेल्या आपल्या घरांना हे जमण्यासारखे आहे, फक्त हवा कोरडी असतानाच करावे.

प्रकृतीच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगतो. तुरट फळ हट्टाने, विशेषतः रिकाम्या पोटी आणि जास्त खाऊ नये. जठरातल्या आम्लाशी टॅनिनचा संयोग होऊन गोळा बनतो आणि तो दगडासारखा घट्ट होऊ शकतो. ज्यांच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा मधुमेहामुळे ज्यांचे पोट सावकाश रिकामे होते, त्यांनी या फळाच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तापीकाठची (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. अठरा दिवसांनी लिहीत आहे, कारण प्रत्यक्ष काय घडले ते पाहूनच लिहायचे ठरवले होते.

थर्मामीटर आणून आधी फ्रिज तपासला. मधल्या कप्प्यात ६ अंश होते, बर्फाखालच्या ट्रेमध्ये १ ते २ अंश. ट्रे रिकामा करून चौदा चपटी आणि दहा निमुळती फळे, टोपीला ओल्या कागदाची घडी लावून, दाभणाने भोके पाडलेल्या पिशव्यांत तिथे ठेवली. कागद दर चार दिवसांनी बदलला. बाराव्या दिवशी एक चपटे फळ काढून, दोन दिवस बाहेर ठेवून मुद्दाम कापले. गर कडक, केशरी आणि गोड होता. फक्त बियांलगत बोटाच्या पेराएवढा भाग किंचित काचेसारखा झालेला दिसला. आधीच्या आठ फळांच्या मानाने हे काहीच नाही.

कोमट पाण्याचा प्रयोग चार निमुळत्या फळांवर केला. मोठ्या कॅसरोलमध्ये पाणी घेऊन ताप पाहण्याच्या थर्मामीटरने ४० अंश मोजले, वर वजनाला ताटली ठेवून फळे बुडवली, आणि सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासा-दीड तासाने थोडे पाणी काढून तेवढेच गरम पाणी घालत राहिले. सासूबाई दुपारी माझ्या जागी बसल्या. एका फळाची साल टोपीजवळ तडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तडकलेले फळच आधी कापले. सुरी फिरवताना करकर आवाज आला, म्हणजे गर कडक होता. पहिला घास घेताना मला भीती वाटत होती, पण जीभ मोकळी राहिली. टोपीला लागून असलेल्या चकतीत तेवढा थोडा तुरटपणा होता, तो भाग कापून टाकला. हे तेच फळ आणि तोच कडकपणा आहे, यावर घरात कोणाचा विश्वास बसेना.

बाहेर ठेवलेल्या उरलेल्या सहा फळांचा कडकपणा मी टोपीच्या कडेनेच तपासत गेले, आणि चोपड्याच्या भाऊंनी सांगितले तसे मऊपण खरोखर तिथेच आधी जाणवले. ती सगळी मऊ झाल्यावर गर काढून गार बासुंदीत घातला, चुलीवर अजिबात चढवला नाही.

काल पहिला गुरुवार झाला. कलशापुढच्या पाच फळांत एक चपटे ठेवले होते. ट्रेमध्ये आता बारा चपटी आणि दहा निमुळती उरली आहेत. दोन टोप्यांच्या पाकळ्या काठाला सुकून वळू लागल्या आहेत, म्हणून ती दोन फळे आज पुढे काढली आणि बाकीच्यांचे कागद पुन्हा ओले केले.